बिबळ्याचा पेला

अण्णांना मधुमेह निघाला त्याच महिन्यात आत्याने सावंतवाडीहून बिबळ्याच्या लाकडाचा पेला पाठवला. बिबळा म्हणजेच विजयसार. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं. सकाळी ते फिक्या चहासारखं तांबूस होतं आणि काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरलं, तर कडेला निळसर झाक दिसते. चव तुरट.

दोन महिन्यांत उपाशीपोटीची साखर 190 वरून 145 वर आली. घरात सगळ्यांनी पेल्याला श्रेय दिलं. पण त्याच दोन महिन्यांत अण्णांनी चहातली साखर सोडली होती, रोज पाऊण तास चालत होते आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळीही सुरू होती. मग नेमकं कशाने उतरली?

म्हणून मी नोंदींची वही सुरू केली. गोळी, जेवण, चालणं तसंच ठेवून चार आठवडे पेल्याचं पाणी, मग चार आठवडे साधं पाणी. सरासरी आली 142 आणि 146. घरच्या यंत्रात 15 टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यामुळे या चाराला काहीच अर्थ नाही. एका माणसाच्या वहीतून कळत नाही, हे मला तेव्हा नीट उमगलं.

विजयसारवर आपल्याकडे काम झालंय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चाचणीत नव्याने मधुमेह निघालेल्या 97 जणांपैकी 67 जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. ही 1998 ची गोष्ट. पण तुलनेला विजयसार न घेणारा गटच नव्हता. म्हणजे माझाच प्रश्न, फक्त मोठ्या वहीत.

झाडपाल्याला हसणारे मला आवडत नाहीत. अण्णांच्या मेटफॉर्मिनचं मूळही युरोपातल्या गलेगा नावाच्या वनस्पतीत आहे. तिच्यातल्या द्रव्याचा माग काढत माणसं या गोळीपर्यंत पोचली आणि 1957 मध्ये पॅरिसच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी ती मधुमेहींना देऊन निष्कर्ष छापले. बिबळ्यालाही तेवढीच कसून परीक्षा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं. निम्म्यांना बिबळ्याचं पाणी, निम्म्यांना रंगाचवीला तसंच पण बिबळा नसलेलं, आणि कोणाला काय मिळतंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नको.

अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मला खोटं पाणी आलं तरी चालेल. गोळी मात्र बंद करायला सांगू नकोस."