नेत्रावळी, दुसरी खेप: सावरी झाला, मैनापी राहिला

गेल्या पावसाळ्यात तीन दिवस नेत्रावळीत राहूनही एकाही धबधब्याच्या जवळ जाता आलं नव्हतं. यंदा जुलैच्या मध्यावर पुन्हा गेले, पुन्हा एकटीच. या दिवसांत गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे झापांच्या खानावळी, उतरवलेले असतात. सांगे तालुक्यातल्या या गावात तर मुक्कामाला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. घरमालकीण मावशी सकाळी उकड्या तांदळाची पेज नि तायखिळ्याची (पावसाळी रानभाजी) भाजी वाढायच्या आणि निघताना रोज तेच बजावायच्या, "बाय, उदक तांबडें जालें जाल्यार फाटीं यो." म्हणजे, पाणी तांबडं झालं तर मागे फिर.

सावरी धबधबा पहिल्याच दिवशी झाला. वनखात्याच्या नाक्यावर नाव नोंदवलं, वेर्ले गावाच्या रस्त्यावरून खाली जाणारी पायवाट धरली. जांभ्यावर बुळबुळीत शेवाळ, त्यामुळे आधी काठी, मग पाय. धबधब्याखालच्या कोंडीत (डोहात) उतरले नाही. एकटी असताना गुडघ्यावर पाणी नको, हा नियम यंदा एकदाही मोडलेला नाही. तासभर नुसती तुषारांत बसून राहिले. चष्म्यातून काही दिसेना, आवाज मात्र छातीत घुमत होता. वर्षभर याचसाठी थांबले होते.

जळवांसाठी मीठ पावसात टिकत नाही. तंबाखू कापडात बांधून काठीच्या टोकाला लावा आणि ओली करून जळूला टेकवा, लगेच गळून पडते.

दुसरा दिवस मैनापी धबधब्याचा. 2023च्या जुलैत इथे दोघं बुडाले आणि त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली होती. म्हणून वाट खुली आहे ना, हे आदल्या संध्याकाळीच नाक्यावर विचारून ठेवलं. चारपर्यंत परतले नाही तर कळवा, असं मावशींनाही सांगितलं, कारण गाव सोडलं की फोनला रेंज नाही. वाटेत व्हाळ (ओढा) पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. पहिल्या ठिकाणी पाणी घोट्यापर्यंत होतं. दुसऱ्या ठिकाणी पाण्याच्या कडेला एक चपटा दगड ठेवला आणि समोर बसून चणे खाल्ले. पाऊस नव्हता, उलट ऊन पडलं होतं. दहा मिनिटांत दगड चार बोटं पाण्याखाली गेला. मग सुकी पानं, काटक्या वाहत आल्या, आणि निवळ पाणी विटकरासारखं दिसू लागलं. पाऊस वर घाटमाथ्यावर पडत होता. तिथली लाल माती घेऊन लोंढा खाली येत होता. मी उठले. परतताना पहिल्या ठिकाणी पाणी गुडघ्याला लागलं. आणखी पाच मिनिटं बसले असते तर अलीकडे येता आलं नसतं.

मित्रहो, आकाश बघून ठरवू नका. दगड ठेवा, नाहीतर काठी रोवा, आणि दर दहा मिनिटांनी बघा. पाणी चढताना दिसलं तर धबधबा हाकेच्या अंतरावर असला तरी वळा.

पुढची खेप ऑगस्टच्या शेवटी, तांबडी सुर्ल्याला. आधी काळ्या पाषाणातलं कदंबकालीन महादेव मंदिर, मग पलीकडच्या जंगलातला धबधबा, तोही वाटाड्या मिळाला तरच. 310 मीटरचा दूधसागर मात्र आगगाडीच्या खिडकीतूनच बघणार. पावसाळ्यात कुळे गावाहून धबधब्याकडे जाणाऱ्या जीप बंद असतात आणि रुळांवरून चालत जायला रेल्वेची मनाई आहे. कॅसल रॉककडून येणाऱ्या गाडीचं तिकीट काढून ठेवलंय.