मिक्समध्ये बघू

मी १२ वर्षं पथकात ताशा वाजवतोय. शेजारच्या ताशाचं पान जरा उतरलं तरी ढोलांच्या गदारोळात मला कळतं. आणि गेल्या महिन्यात एका स्नेअरपायी, म्हणजे ड्रमसेटमधल्या खाली तारा लावलेल्या ड्रमपायी, मी तीन रात्री जागलो.

भाच्याच्या बँडची दोन गाणी कर्वेनगरला, माझ्या १० बाय ११ च्या खोलीत रेकॉर्ड करायची होती. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी ११ ते १ एवढीच वेळ दिलेली, त्यामुळे घाई. स्नेअरवर एसएम ५७ माइक, खाली एक माइक, सगळ्या ड्रम्सच्या वर दोन ओव्हरहेड माइक, चला सुरू. ऐकलं तर टीव्हीच्या रिकाम्या खोक्यावर थाप मारावी तसा आवाज. ‘मिक्समध्ये बघू,’ म्हणजे नंतर सगळे माइक एकत्र मिसळताना दुरुस्त करू, हे भाचा नाही, मी म्हणालो.

पहिल्या रात्री स्नेअरचा ५ किलोहर्ट्झजवळचा, वरचा तीक्ष्ण भाग उचलला. स्नेअर तिथेच राहिला, हायहॅट, म्हणजे शेजारची झांजांची जोडी, मात्र कानात शिरला. दुसऱ्या रात्री कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारा; त्याचा अटॅक, म्हणजे दाबायला घेतलेला वेळ, १ मिलिसेकंद. काठी पडताक्षणीचा जो ‘टक्’ असतो, तोच त्यानं गिळला आणि मागचं ढब्ब तेवढं शिल्लक ठेवलं. अटॅक २० वर नेला तेव्हा टक् सुटून बाहेर आला आणि दाब त्याच्या मागून पडला. रिलीज, म्हणजे दाब सोडायचा वेळ, १०० च्या आसपास, म्हणजे पुढच्या ठोक्याआधी तो मोकळा होतो. पण झालं काय? खोकं होतं ते जोरात वाजणारं खोकं झालं.

तिसऱ्या रात्री खालच्या माइकची पोलॅरिटी, म्हणजे त्याच्या लाटेची वर-खाली दिशा, उलटवली आणि आवाजात एकदम मांस आलं. काठी पडली की वरचं पान वरच्या माइकपासून लांब जातं, खालचं पान खालच्या माइककडे येतं; दोन्ही तसेच मिसळले तर एकमेकांना खातात. हे मला पाठ आहे हो. बटण दाबायला तीन रात्री लागल्या, इतकंच.

तरी कडाका नव्हताच. मग रविवारी नदीपात्रात सरावाला गेलो, सवयीनं आधी ताशा ताणला, दोन काड्या मारून पाहिल्या, पुन्हा ताणला. आणि तिथेच उभ्या उभ्या स्वतःला शिव्या घातल्या. भाच्याच्या स्नेअरला चावी लावली होती का कुणी?

पुढच्या शनिवारी सगळं पुन्हा. वरचं पान मधोमध काठ्यांनी खड्डा पडलेलं निघालं, ते बदललं. चावी समोरासमोरच्या बोल्टना आळीपाळीनं, प्रत्येक बोल्टपाशी काठापासून इंचभर आत टिचकी मारून सूर जुळवत. खालचं पान वरच्यापेक्षा घट्ट. तारा मात्र थोड्या सैल केल्या. फार आवळल्या तर स्नेअरचा गळाच दाबला जातो. काठावर टिश्यूची घडी चिकटपट्टीनं लावली, घंटानाद गेला. माइक रिमच्या वर दोन बोटं, तोंड मध्याकडे, पाठ हायहॅटकडे. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सुतळीनं मोजून सारख्या अंतरावर. आवाजाला मीटरभर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात; एक माइक लांब राहिला तर ठोका दोनदा पडल्यासारखा पसरतो. सुतळी बघून भाचा हसला. हसू दे.

मिक्सला या वेळी वीस मिनिटं लागली. ४५० हर्ट्झला ३ डेसिबल कमी, साडेचार किलोहर्ट्झला २ जास्त, कॉम्प्रेसर आधीचाच. शिवाय स्नेअरची एक प्रत करकचून दाबून खाली हळूच मिसळली. मूळ स्नेअरला हात न लावता अंग येतं, मला हा प्रकार फार आवडतो.

दुसऱ्या कडव्यात हायहॅट अजून डोकावतो. भाचा म्हणतो ऐकूच येत नाही. आजोबांना विचारलं, ते म्हणाले, ‘या खेपेला फारच कडक वाजवलंत, पुढच्या वेळी १२ पर्यंतच.’