पाणी आहे, पण टिकत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की आमच्या अडत पेढीवरचे काम घड्याळाकडे पाहून चालत नाही. फेब्रुवारीपासून पुढे राजापुरी हळदीची पोती येत राहतात, नमुना काढण्यासाठी ती फोडली की हळकुंडांची बारीक भुकटी हवेत तरंगत राहते, आणि मी आतल्या खोलीत संगणकासमोर बसून वजने, भाव आणि शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या भरत असते. दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या अशाच एका दिवशी सकाळी साडेसातला डोळ्यात घातलेली कॉन्टॅक्ट लेन्स मी रात्री नऊ वाजता काढायला गेले आणि ती निघेना.

एरवी तर्जनी आणि अंगठ्याच्या चिमटीत सहज येणारी लेन्स डाव्या बुबुळाला घट्ट चिकटून बसली होती. बोटाने सरकवून पाहिले तरी जागची हलत नव्हती, आरशात तिची कड किंचित वर उचललेली दिसत होती, आणि दिवसभर वाळूचा कण गेल्यासारखे खुपत असल्यामुळे माझा धीर सुटला होता. मी ती ओढून काढली. रात्रभर त्या डोळ्यातून पाणी वाहत राहिले, दिव्याकडे पाहवेना, आणि सकाळी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळले की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा गेला आहे. सुकलेली लेन्स कधीही ओढायची नसते. लेन्सवर चालणारे थेंब डोळ्यात घालायचे, डोळे मिटून पाच-दहा मिनिटे शांत बसायचे, आणि बोट लावल्यावर लेन्स मोकळेपणाने सरकते आहे याची खात्री झाल्यावरच ती काढायची. सतरा वर्षे लेन्स वापरूनही ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

माझा नंबर उणे साडेसहा आहे, त्यामुळे लेन्स हा माझ्यासाठी केवळ हौसेचा विषय नाही. जाड काचांच्या चष्म्यातून वस्तू लहान दिसतात आणि कडेचे नीट दिसत नाही, स्कूटर चालवताना तर ते फारच जाणवते. म्हणून डोळे कोरडे पडतात एवढ्या कारणाने लेन्स कायमची सोडून देणे मला पटत नव्हते. खरे म्हणजे डोळे कोरडे पडतात हेही मला उशिराच समजले. विश्रामबागेकडून सकाळी यार्डात येताना वारा लागला की माझ्या डोळ्यांना धारा लागत, आणि ज्याच्या डोळ्यांतून इतके पाणी येते त्याचे डोळे कोरडे कसे असतील, असे मला वाटे.

ओरखडा भरून आल्यावर डॉक्टरांनी दोन साध्या तपासण्या केल्या. पहिल्या तपासणीत गाळणकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटे डोळे मिटून बसायचे असते. दहा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पट्टी भिजली तर अश्रू पुरेसे आहेत असे समजतात, आणि माझी चौदा मिलिमीटर भिजली. मला वाटले, सुटले. दुसऱ्या तपासणीत नारिंगी रंगाची एक पट्टी ओली करून पापणीला टेकवली, त्याबरोबर डोळ्यात हळदीच्या पाण्यासारखा रंग पसरला. मग निळ्या उजेडात माझ्याकडे पाहत डॉक्टर म्हणाल्या, “आता पापणी न लववता समोर बघा,” आणि त्यांनी सेकंद मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. चाराला त्या थांबल्या. रंगीत थरात काळे डाग पडू लागले होते, म्हणजेच अश्रूंचा पडदा फाटू लागला होता. तो किमान दहा सेकंद टिकावा अशी अपेक्षा असते. “तुमच्या डोळ्यांत पाणी आहे, पण ते टिकत नाही,” असे त्या म्हणाल्या, आणि माझ्या अनेक वर्षांच्या तक्रारीचा अर्थ मला त्या एका वाक्यात लागला.

आपल्या पापण्यांच्या कडेला, पापणीच्या केसांच्या मुळांमागे, तेलाच्या बारीक ग्रंथींची ओळ असते. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात, आणि वरच्या व खालच्या पापणीत मिळून एका डोळ्याला त्या पन्नासच्या आसपास असतात. प्रत्येक वेळी पापणी पूर्ण मिटली की त्यांतून किंचित तेल सुटते आणि अश्रूंवर त्याचा अतिशय पातळ थर पसरतो. हा थर नसेल तर खालचे पाणी भराभर उडून जाते. पृष्ठभाग कोरडा पडला की डोळा घाबरून एकदम भरपूर पाणी सोडतो, पण ते पाणी गालावर ओघळते आणि डोळ्याची जळजळ तशीच राहते. स्कूटरवरच्या माझ्या धारांचे कारण हे होते. डॉक्टरांनी पापणीची कड कापसाच्या काडीने हलकेच दाबून पाहिली. तेथून निवळ तेल यायला हवे होते, माझ्या पापणीतून आले ते थंडीत थिजलेल्या तुपासारखे घट्ट आणि पांढुरके.

त्यात लेन्सची भर. अश्रूंचा पडदा अवघ्या काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचा असतो, आणि लेन्स त्याच्या मध्येच बसून त्याचे दोन भाग करते. लेन्सच्या पुढच्या बाजूला उरणारा थर आणखी पातळ असतो आणि आणखी लवकर सुकतो. शिवाय बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत मिळतो, त्यामुळे लेन्स किती तास घालावी याला मर्यादा असणे स्वाभाविकच आहे.

या साऱ्याच्या आधी मी दोन-तीन वर्षे चुकीच्या गोष्टी करत होते. चष्म्याच्या एका दुकानात मला जास्त पाणी असलेली लेन्स सुचवली गेली, आणि कोरड्या डोळ्याला ओली लेन्स हे मला बरोबरच वाटले. प्रत्यक्षात अशा लेन्समधले पाणी दिवस चढेल तसे उडून जाते आणि ती स्वतः ओली राहण्यासाठी डोळ्यातले पाणी ओढून घेते. मऊ लेन्सचे मूळ मोठे विलक्षण आहे. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तरले यांनी १९६१ च्या नाताळात घरीच, मुलाच्या खेळण्यातले जोडसाहित्य वापरून बनवलेल्या यंत्रावर तिचे पहिले नग काढले. त्या जुन्या जातीच्या लेन्समध्ये प्राणवायू पाण्यातूनच आत जाई, म्हणून पाणी वाढवण्याकडे कल असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेल या नव्या जातीच्या लेन्समध्ये प्राणवायू सिलिकॉनमधून जातो, त्यामुळे पाणी कमी असले तरी चालते. आता मी त्या जातीची, रोज नवी घालून रात्री टाकून द्यायची लेन्स वापरते. ती महाग पडते हे खरे, पण डबी, धुण्याचे द्रावण आणि जुन्या लेन्सवर साचणारा थर या तिन्ही गोष्टी तिच्यामुळे टळल्या.

दुसरी चूक सर्दीच्या गोळीची. हळदीच्या भुकटीने शिंका येतात म्हणून मी सौद्यांच्या दिवसांत रोज रात्री सेटिरिझिन घेत होते, आणि ॲलर्जीवरच्या अशा गोळ्यांनी अश्रूही कमी होतात हे मला कोणी सांगितले नव्हते. तिसरी चूक डोळ्यांची लाली घालवणाऱ्या थेंबांची. त्यांनी दोन तास डोळे पांढरे दिसत आणि नंतर पूर्वीपेक्षा अधिक लाल होत. तासगावहून आईचा फोन येई, “अगं, गुलाबपाण्याचे दोन थेंब घाल, गार वाटेल.” गार वाटतेही, पण ते डोळ्यात घालण्याइतके निर्जंतुक नसते, आणि लेन्स वापरणाऱ्याने तर त्या वाटेला जाऊच नये. नळाच्या पाण्याचेही तेच. त्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, आणि त्याच्या संसर्गाने दृष्टी जाऊ शकते.

उपचार म्हटले तर अगदी घरगुती आहेत, फक्त ते रोज करावे लागतात. रात्री लेन्स काढल्यावर जुन्या सुती साडीचा तुकडा सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर ठेवायचा. तो मिनिटा-दोन मिनिटांत निवतो, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवावा लागतो, आणि असे दहा मिनिटे करायचे. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, डोळ्यावर दाब न देता चोळायची. थिजलेले तूप ऊब मिळाली की पातळ होते, तसेच हे. पहिल्या आठवड्यात मला काहीच फरक वाटला नाही आणि मी कंटाळले, तिसऱ्या आठवड्यात मात्र संध्याकाळची कचकच कमी झाल्याचे स्पष्ट जाणवले.

अधिक कठीण गेले ते पापणी लववायला शिकणे. माणूस एरवी मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापणी लववतो, आणि संगणकाच्या पडद्यावरचे आकडे पाहताना ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. शिवाय जी लवते तीही अर्धवट, म्हणजे बुबुळाचा खालचा भाग उघडाच राहतो आणि तेल सुटत नाही. मी संगणकाच्या कडेला ‘मिट’ एवढाच शब्द लिहून चिकटवला. एका शेतकऱ्याची हिशेबपट्टी पूर्ण झाली की डोळे हलके मिटायचे, दोन सेकंद तसेच ठेवायचे आणि उघडायचे. संगणकाचा पडदा नजरेच्या पातळीहून खाली घेतला, कारण खाली पाहताना डोळा कमी उघडा राहतो, आणि थेट तोंडावर येणारा पंखा मालकांना सांगून दुसरीकडे वळवून घेतला. स्कूटरवर हेल्मेटची काच खाली असतेच.

थेंबांविषयी एवढेच सांगते की लेन्स वापरणाऱ्याने संरक्षक रसायन (थेंब खराब होऊ नयेत म्हणून घालतात ते) नसलेले, एकदा वापरून टाकायच्या छोट्या नळ्यांतले थेंब डॉक्टरांना विचारून घ्यावेत. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचे संरक्षक मऊ लेन्समध्ये शोषले जाते आणि डोळ्यापाशी तासन्‌तास राहते.

सहा महिन्यांनी पुन्हा नारिंगी पट्टी लागली, तेव्हा डॉक्टरांची मोजणी आठपर्यंत गेली. दहा अजून झालेले नाहीत. लेन्सला त्यांनी दिवसाला आठ तासांची मुभा दिली आहे, आणि लाली, वेदना किंवा उजेड सहन न होणे यांपैकी काहीही जाणवले तर लेन्स लगेच काढून त्याच दिवशी दाखवायला यायचे, असे बजावले आहे. यंदा सौद्यांच्या दिवसांत मी पेढीवर चष्माच लावते. त्याच्या काचेवर दुपारपर्यंत हळदीचा पिवळसर थर बसतो, आणि तो पुसताना हाच थर पूर्वी कुठे बसत असेल हे माझ्या लक्षात येते.