दुपारी गायब होणारं मीटर : जुन्या डिझेल गाडीच्या डॅशबोर्डचा माझा अनुभव

गाडी 2008 ची, डिझेल, जुनी घेतलेली, दीड लाख किलोमीटरच्या पुढं पळालेली. इंजिन ठणठणीत, मीटर मात्र बेभरवशाचं. हेडलाइट लावले की डिझेलचा आणि टेम्परेचरचा काटा एकदमच जागा सोडायचे. दुसरं दुखणं वेगळं. मे महिन्यात गाडी दोन तास मोंढ्यात उन्हात उभी राहिली की किलोमीटरचा डिस्प्ले कोरा. दिवस मावळल्यावर जालन्याहून अंबडकडे निघालं की आपोआप परत. डॅशबोर्डवर थाप मारली तरी यायचा.

जिथं दाखवली तिथं एकच सल्ला मिळाला : अख्खं मीटर बदला, भंगारात मिळतं. मी ते टाळलं. भंगारातल्या मीटरच्या मेमरीत दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर असतात, त्याचा टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा काटा) आपल्या अल्टरनेटरच्या पुलीशी जुळेलच असं नाही, आणि ज्या उन्हानं आपलं मीटर खाल्लं त्याच उन्हात तेही पंधरा वर्षं तापलेलं असतं.

दोन काटे एकाच वेळी बिघडत नसतात. टाकीचा फ्लोट वेगळा, टेम्परेचरचा सेन्सर वेगळा. दोघांत सामाईक काय, तर मीटरला येणारा सप्लाय आणि अर्थिंग. त्यात हेडलाइटशी संबंध दिसला की संशय थेट अर्थिंगवर. मीटरमागचे बारके बल्ब पेटले की त्यांचा करंट अर्थिंगच्या त्याच काळ्या वायरनं परत जातो. ती वाट अडली असेल तर मीटरची अर्थ शून्य व्होल्टच्या वर उचलली जाते आणि काटे खोटं बोलायला लागतात.

मीटर बाहेर घ्यायला 10 चा पाना आणि चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर पुरतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. (एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर दहा मिनिटं थांबा आणि पिवळ्या कपलरना (वायरींच्या जोडांना) हात लावू नका.) स्टिअरिंग खाली झुकवलं, कव्हरचे चार स्क्रू काढले, मग क्लिपा. पहाटेच्या गारव्यात हे प्लास्टिक कडक असतं, टचकन मोडतं. थोडं ऊन लागलं की वाकतं. क्लिपा जुन्या एटीएम कार्डानं उचलल्या, स्क्रू ड्रायव्हर घातला असता तर कडा गेल्या असत्या. मीटर वीतभर पुढं ओढलं, कपलर तसेच ठेवले, बॅटरी परत जोडली.

आता मल्टिमीटर. इथं बरेचजण ओहमवर लावून काळी वायर तपासतात, एखादा ओहम दिसतो आणि "अर्थिंग ओके" म्हणून मोकळे होतात. त्या एका ओहमातच सगळी भानगड असते. तपासायचं ते लोड चालू ठेवून, व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला धरली, कपलरच्या मागून काळ्या वायरीच्या घरात टाचणी घातली, तिला लाल पिन लावली. इग्निशन ऑन, हेडलाइट बंद : 0.31. हेडलाइट चालू : 0.84. हा आकडा 0.1 च्या आत हवा. मीटरमागं 1.2 वॅटचे पाच बल्ब म्हणजे जेमतेम अर्धा अँपिअर, आणि तेवढ्यानं अर्धा व्होल्ट वाढतो. म्हणजे वाटेत साधारण एक ओहमचा गंज बसलाय.

काळी वायर ड्रायव्हरच्या उजव्या पायाजवळच्या पॅनलमागं बॉडीला बोल्टनं कसलेली निघाली. बोल्ट वरून चकचकीत होता. खोलल्यावर लगखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट-तांबडा थर आणि त्यात पिठासारखी बारीक धूळ. गाडी धुताना पाणी तिथंच उतरतं. पॉलिश पेपरनं पत्रा पांढरा होईस्तोवर घासला, जुना लग तोडला, वायर आतून काळी पडली होती म्हणून दोन इंच छाटली, 6 एमएमचा नवा रिंग लग क्रिंप करून घट्ट कसला आणि वरून व्हॅसलिन लावलं. व्हॅसलिन आधी नाही. पत्र्याला पत्रा भिडल्यावरच. परत मोजलं : हेडलाइटसकट 0.04. काटे जागचे हलले नाहीत. खर्च लगचा.

डिस्प्लेचं दुखणं मात्र मीटरच्या आतल्या सर्किट बोर्डात होतं. मीटर पूर्ण काढून टेबलावर घेतलं. काचेकडची बाजू उघडली नाही आणि काटे तर मुळीच उपटले नाहीत. काटा एकदा निघाला की त्याची शून्याची जागा जाते आणि बारीक शाफ्ट वाकतो. मागचं झाकण काढून एक अँपिअरच्या फ्यूजमधून 12 व्होल्ट दिले, कायमचा आणि इग्निशनचा असे दोन्ही प्लस, आणि अर्थ. डिस्प्ले आला. हेअर ड्रायरची गरम हवा हातभर अंतरावरून मारली, दीड-दोन मिनिटांत गेला. सुकलेल्या बांबूच्या काडीनं एकेक पार्ट दाबत गेलो. 7805 वर आल्यावर उजळला.

हा 7805 म्हणजे 12 चे 5 व्होल्ट करणारा तीन पायांचा रेग्युलेटर. स्वतः तापतो, वर उन्हाचा ताप, त्यात रस्त्याचे दणके. भिंगातून पाहिलं तर इनपुटच्या पायाभोवती केसाएवढी गोल भेग. गरम असताना बोर्डाच्या तांब्याच्या पट्टीवर 12.3, पायावर शून्य. ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला जोड. जुनं सोल्डर विकनं (तांब्याच्या विणलेल्या फितीनं) उचलून घेतलं, फ्लक्स लावला, 60/40 चं नवं सोल्डर, सोल्डरिंगची इस्त्री 350 अंशांवर, तीन सेकंदांच्या वर टेकवायची नाही, नाहीतर पट्टी सोलून निघते. जुन्यावर नुसतं सोल्डर चढवलं तर पुढच्या उन्हाळ्यात भेग तिथंच. कपलरच्या पिनांच्याही मुळाशी दोन ठिकाणी भेगा होत्या, त्या तशाच केल्या. शेजारचा 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 85 अंशांपर्यंतच ताप सोसणारा होता. त्या जागी 105 अंशांचा, 35 व्होल्टचा टाकला. उंची आधी मोजा, उंच निघाला तर झाकण बसत नाही. आणि पट्ट्याची बाजू निगेटिव्ह, उलटा लावला तर फुटतो.

मीटर उघडंच आहे तर सगळे बल्ब एलईडी करू, हा मोह मलाही झाला. उजेडाचे बदला, बॅटरीच्या लाल खुणेचा बल्ब बदलू नका. जुन्या गाडीत त्या बल्बमधून जाणारा करंटच अल्टरनेटरला चार्जिंगला जागं करतो. एलईडीचे वीस मिलिअँपिअर त्याला पुरत नाहीत. आयडलला चार्जिंग सुरूच होत नाही आणि दोष अल्टरनेटरवर येतो.

कव्हर बसवण्याआधी इग्निशन, इंडिकेटर, हाय बीम, हँडब्रेक, ऑइल, सगळ्या खुणा बघून घेतल्या. सर्किट अर्धा तास चालू ठेवून परत गरम हवा मारली, डिस्प्ले टिकला.

डिझेलचा काटा आता स्थिर आहे, पण टाकी फुल्ल केली तरी पाऊणवरच थांबतो. टाकीवरची फ्लोटची वायर काढून 10 ओहमच्या रेझिस्टरमधून क्षणभर बॉडीला लावली, तर काटा पार फुल्लच्या पुढं गेला. म्हणजे मीटर आणि वायरिंग बरोबर. फ्लोटचा आतला ट्रॅक झिजलाय. तो टाकी उतरवली जाईल तेव्हा.