सातशे साउथ वॉबॅश: बडी गाय यांना त्यांच्याच क्लबात ऐकताना

जानेवारीत शिकागोला जाऊ नये, असे मला तीन माणसांनी वेगवेगळे बजावले होते आणि हवामानापुरते बोलायचे तर तिघांचेही बरोबर होते. तरीही २०२४ च्या जानेवारीत मी गेलो, कारण बडी गाय आपल्या स्वतःच्या ‘लेजंड्स’ या क्लबात अनेक रात्री वाजवतात तो महिना हाच. ३० जुलै १९३६ रोजी लुईझियानातील लेट्सवर्थ या खेड्यात जन्मलेला, ब्लूज म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांचे संगीत वाजवणारा आणि गाणारा हा गिटारवादक तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचा होता. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य अशा कलावंताच्या बाबतीत उच्चारू नये, हे मी सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात एकदोनदा हुकलेल्या मैफलींवरून शिकलो आहे. (आडनावाविषयी आमच्या घरात व्हायचे ते सगळे विनोद होऊन गेले आहेत, त्यांचे मूळ नाव जॉर्ज, पण ‘जॉर्ज गाय’नेही काही बिघडत नाही की सुधारत नाही.)

याआधी मी त्यांना एकदाच ऐकले होते, फेब्रुवारी २०११ मध्ये, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला तेव्हा. त्या गर्दीत मी इतका मागे होतो की ठिपक्याठिपक्यांची गिटार तेवढी दिसली, बोटे दिसली नाहीत. २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा मुंबईला आले तेव्हा घरात लग्न होते. त्यामुळे या खेपेला बोटे पाहायचीच, एवढा एकच हेतू ठेवून मी शिकागोच्या नेपरविल या उपनगरात भाच्याकडे उतरलो.

तिकिटाबाबत मी केलेली चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे ती दुसऱ्या कोणी करू नये. जानेवारीतल्या या कार्यक्रमांची तिकिटे वेगळी आणि आगाऊ विकली जातात आणि शुक्रवार-शनिवारची फार लवकर संपतात. मी उशिरा जागा झालो आणि घाबरून, पुनर्विक्री करणाऱ्या एका भलत्याच संकेतस्थळावरून जवळजवळ दुप्पट किमतीला तिकीट घेतले. दोन दिवसांनी भाच्याने क्लबाचे स्वतःचे संकेतस्थळ उघडून दाखवले, तर तिथे रविवारचे तिकीट मूळ किमतीला मिळत होते. तेव्हा आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून केवळ क्लबाच्याच संकेतस्थळावर लक्ष ठेवावे, आणि सुटीच्या रात्रीचा हट्ट नसेल तर गुरुवार किंवा रविवार निवडावा. तिकिटावर खुर्चीचा क्रमांक नसतो, जो आधी येईल त्याला टेबल, हा इथला नियम आहे. म्हणून मुख्य कार्यक्रम रात्री नऊनंतरचा असला तरी मी सायंकाळी दार उघडायच्या आधी अर्धा तास बाहेर उभा होतो. माझ्या पुढे वीसेक माणसे होतीच. तापमान उणे दहाच्या खाली होते, आणि मिशिगन सरोवर तिथून फार लांब नसल्यामुळे वारा थेट कानात शिरत होता. ‘मामा, आत गरम होईल, पण बाहेर गोठाल,’ असे म्हणून भाच्याने मला कपड्यांचे तीन थर घालायला लावले होते, ते योग्यच होते. मात्र वरचा कोट हातात धरता येईल इतकाच जाड असावा, कारण गर्दीत तो ठेवायला जागा मिळत नाही आणि माझा तीन तास मांडीवर होता.

पोचण्यासाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शहरातल्या मेट्रो रेल्वेच्या रेड लाइनचे हॅरिसन स्थानक. तिथून क्लब चालत काही मिनिटांवर आहे. ओहेअर विमानतळाकडून येणाऱ्यांनी ब्लू लाइनने जॅक्सनला उतरावे आणि वर रस्त्यावर न येता भुयारी वाटेनेच रेड लाइनला जावे. मी वर आलो, दिशा चुकलो आणि बर्फावरून उगाच पायपीट केली. नेपरविलसारख्या उपनगरातून येणाऱ्यांना मेट्रा या उपनगरी रेल्वेची गाडी युनियन स्टेशनवर सोडते, पण परतीची शेवटची गाडी कधी सुटते हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. शनिवार-रविवारचे वेळापत्रक निराळे असते. ओळखपत्र म्हणून मी पासपोर्ट नेला होता आणि दारावर तो पाहिला गेला. सोबत मुले असतील, तर वयाच्या अटीची चौकशी तिकीट घेण्याआधी करावी, कारण हा शेवटी मद्यालयवजा क्लब आहे.

आत भिंतींवर इतर वादकांनी सह्या करून दिलेल्या गिटारी टांगलेल्या आहेत, त्या पाहण्यात अर्धा तास सहज जातो. जेवण लुईझियाना पद्धतीचे असते. शाकाहारी माणसाने ‘रेड बीन्स अँड राइस’ हे नाव वाचून राजमा-भात समजू नये, कारण त्यात बहुधा मांस असते, विचारूनच मागवावे. मी तळलेल्या भेंडीवर भागवले. भेंडी या गावात कुठून आली, तर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर. ‘गंबो’ या प्रसिद्ध रश्श्याचे नावच भेंडीच्या आफ्रिकी नावावरून पडले आहे. बिलावर अठरा ते वीस टक्के टिप गृहीत धरावी.

ब्लूज कसे ऐकावे, याविषयी थोडे लिहितो, कारण मराठी श्रोत्याला त्यासाठी नवे कान लागत नाहीत. बहुतेक ब्लूज बारा खंडांच्या आवर्तनात बांधलेले असते, प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांनी पुन्हा सम. ओळी तीन: पहिली म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचे, प्रत्येक ओळ निम्म्या जागेतच संपते आणि उरलेल्या जागेत गिटार बोलते. साथीदाराने गायकाच्या श्वासाच्या जागी तान भरावी तसे, फक्त इथे गायक आणि साथीदार एकच माणूस असतो. स्वर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत घुटमळत राहतो, आणि तो तिथे नेण्यासाठी वादक पडद्यावरची तार बोटाने आडवी ढकलतो. सतारीवरची मींड ज्या रीतीने निघते, जवळपास त्याच रीतीने.

ब्लूज जवळचे वाटण्याचे दुसरे कारण मात्र मला घरचे वाटते. मी खामगावकडचा. बडी गाय यांचे वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करीत आणि लहानपणी बडी स्वतः कापूस वेचत, शंभर पौंडांना अडीच डॉलर या दराने. शंभर पौंड म्हणजे पंचेचाळीस किलो. सरकीसकट का होईना, पण कापसाचे पंचेचाळीस किलो म्हणजे काय असते, हे ज्याने वेचणाऱ्या बायांना सायंकाळी काट्यावर गाठोडे ठेवताना पाहिले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आला, आणि पुढे १८७० मध्ये जलंबहून खामगावला खास फाटा काढून लोहमार्ग आला. ब्लूज ज्या शेतांत जन्मले, त्या शेतांचा आणि आमच्या बाजारपेठेचा हिशेब असा एकाच वहीत मांडलेला आहे. लेट्सवर्थच्या मुलाने जाळीच्या दारखिडकीची तार काढून पहिले वाद्य स्वतःच बनवले होते. २५ सप्टेंबर १९५७ रोजी तो शिकागोला आला, महिनोन्‌महिने काम मिळेना, आणि उपाशी अवस्थेत ४७ व्या रस्त्यावरच्या ‘७०८ क्लब’मध्ये वाजवताना त्याला शिकागोतले नामांकित ब्लूज गायक मडी वॉटर्स यांनी ऐकले आणि ‘सलामी’ या मांसाच्या चकत्यांचे सँडविच खाऊ घातले. ही कथा ते स्वतः वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. पुढे १९६० च्या दशकात चेस रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी इतरांच्या मागे वाजवणे आणि दिवसा गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवणे, असे दोन्ही चालू होते. क्लब १९८९ मध्ये निघाला आणि २०१० पासून तो आजच्या, सातशे साउथ वॉबॅशवरील इमारतीत आहे.

प्रत्यक्ष कार्यक्रमात आधी दुसऱ्या वाद्यवृंदाने तासभर वाजवले. साडेनऊच्या सुमारास बडी गाय ठिपक्यांचा सदरा घालून आले, आणि पहिल्या दहा मिनिटांत मला वाटले की ध्वनियंत्रणा गिटारीवर अन्याय करते आहे, इतका आवाज मोठा होता. कानात घालायचे बोळे खिशात असू द्यावेत. ज्याला गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचे असते, त्याची इथे थोडी पंचाईत होते, कारण एक गाणे अर्ध्यावर सोडून मडी वॉटर्स कसे गात, जुन्या पिढीतले दुसरे ब्लूज गायक-गिटारवादक जॉन ली हूकर कसे वाजवत, हे दाखवायला निघून जाण्याची त्यांची जुनी खोड आहे. मला प्रथम याचा राग आला. मग लक्षात आले की वयोवृद्ध बुवा मध्येच थांबून ‘आमचे गुरुजी ही जागा अशी घेत’ म्हणून दाखवतात, तसेच हे चालले आहे, आणि ज्यांची ती जागा होती त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली, त्यांच्या शेजारी उभी राहून वाजवलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकीही उरलेली नाहीत.

संथ लयीतल्या एका गाण्यात त्यांनी वाद्यवृंदाला तळहाताने खाली, आणखी खाली, अशी खूण केली. ढोलवादक काठ्यांऐवजी बोटांनी वाजवू लागला. स्वतः गाय यांनी गिटारीचा आवाज इतका उतरवला की तारेवर नखी घासल्याचा कोरडा खरखर आवाज स्वरापेक्षा आधी ऐकू येऊ लागला. मागे कोणीतरी बोलत होते, त्यांच्याकडे त्यांनी नुसते पाहिले. मग त्या भरलेल्या दालनात, बारवर कोणाच्या तरी पेल्यात बर्फाचा खडा वितळून काचेवर सरकला, तो मला ऐकू आला. गातानाही ते ध्वनिक्षेपकापासून पाऊलभर मागे सरकले आणि शेवटचा शब्द ध्वनिक्षेपकाशिवायच म्हणाले. मेहबूब स्टुडिओत हे झाले असेलही, पण तिथे मी बसलो होतो तिथपर्यंत ते येणे शक्य नव्हते. ब्लूज म्हणजे गिटारीचा दणदणाट, असे ज्यांना वाटते त्यांनी या क्लबात त्या तीन-चार मिनिटांसाठी यावे.

थोड्या वेळाने ते गिटारीसह मंचावरून खाली उतरले; हीही त्यांची जुनी पद्धत आहे, पूर्वी त्यासाठी ते गिटारीला जोडायची लांबलचक वायर बाळगत, आता वायरची गरज उरलेली नाही. विजेरी घेतलेला एक माणूस पुढे वाट करीत होता. आमच्या टेबलाशी ते थांबले आणि माझ्यापासून हातभर अंतरावर ती बोटे होती. तिसऱ्या बोटाने तार ढकलली जात होती आणि पहिली दोन बोटे तिच्या मागे टेकू लावून उभी होती; बळ बोटांचे नव्हते, मनगट किल्ली फिरवावी तसे फिरत होते, आणि अंगठा गिटारीच्या मानेवरून पलीकडे आलेला होता. स्वर वर गेला, तिथे थरथरत राहिला, आणि त्या सबंध वेळात उजवा हात मोकळा होता. त्या हाताने त्यांनी समोरच्या बाईच्या पेल्याकडे बोट दाखवून ‘हे काय पिता?’ अशा अर्थाची भुवई उडवली. सगळे हसले. मी चित्रफीत घ्यायला भ्रमणध्वनी वर केला आणि नंतर घरी पाहिले, तर त्यात पुढच्या माणसाच्या भ्रमणध्वनीची पाठ आली आहे. तेव्हा ते खाली उतरले की भ्रमणध्वनी खिशातच ठेवावा. टेबल निवडताना मंचाच्या अगदी पुढचे न मिळाल्यास खट्टू होऊ नये. मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची या एका कारणासाठी अधिक बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी ठेवावी. २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यू ही चेस रेकॉर्ड्सची जुनी इमारत क्लबापासून सव्वादोन किलोमीटरवर आहे आणि आता ब्लूजचे गीतकार-वादक विली डिक्सन यांच्या नावाने चालणारी ब्लूजविषयक संस्था तिथे आहे. वरच्या मजल्यावरच्या ध्वनिमुद्रण कक्षाकडे जाणारा जिना पाहावा, म्हणजे अवजड ॲम्प्लिफायर घेऊन चढणाऱ्यांची दमछाक कळते. इमारत रोज उघडी नसते, म्हणून दिवस आणि वेळ आधी ठरवून जावे. आम्ही न विचारता गेलो आणि पहिल्या खेपेला बंद दाराचे छायाचित्र काढून परतलो. तिथून उलट दिशेने उत्तरेकडे याच रस्त्यावर कला संग्रहालय लागते, जिथे १८९३ मध्ये विवेकानंद बोलले होते; मराठी पाहुण्यांना घेऊन जाणारे यजमान तिकडे नेतातच, त्यामुळे ती भेट याच फेरीत उरकता येते.

ज्यांना जानेवारी झेपणार नाही, त्यांनी जूनमध्ये मिलेनियम पार्कमध्ये होणारा शिकागो ब्लूज महोत्सव पाहावा. तो विनामूल्य असतो आणि १९८४ पासून चालत आला आहे. ‘लेजंड्स’मध्येही वर्षभर इतर वादकांचे कार्यक्रम होतात, त्यांची प्रवेशफी बरीच कमी असते, आणि गावात असले तर मालक कित्येकदा बारवरच्या खुर्चीत नुसते बसलेले आढळतात. पण बारवर बसलेले पाहणे वेगळे. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मध्यरात्र उलटायला आली होती, कानात शिट्टी वाजत होती, आणि युनियन स्टेशनपर्यंत चालत जायचा विचार भाच्याने दाराबाहेर तीन पावले टाकताच सोडून दिला. टॅक्सीला आठ मिनिटे लागली; गाडी सुटायला अकरा मिनिटे उरली होती.