94 ची एट हंड्रेड, आर-12 चा एसी आणि माझे तीन रविवार

आमची मारुती एट हंड्रेड 94 ची, आणि एसी बाबांनी नंतर हौसेने बाहेरून बसवून घेतलेला. गेली सात-आठ वर्षं तो नुसता बटण म्हणूनच होता, दाबलं की हिरवा दिवा लागायचा आणि तोंडावर कोमट वारा. त्याआधी दर एप्रिलला कुठल्यातरी गॅरेजात जायचं, "गॅस कमी झालाय, भरून देतो" ऐकायचं, पैसे मोजायचे आणि गणपतीपर्यंत परत जैसे थे. एसीतला गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का संपायला, सिस्टिम सगळी बंद असते, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेलाच ना, पण हे मला पण फार उशिरा कळलं आणि तोवर बाबा वैतागून "काचा खाली कर, मस्त वारा येतो" यावर येऊन ठेपले होते.

बॉनेटखालच्या किटच्या स्टिकरवर अजून वाचता येत होतं, आर-12, 500 ग्रॅम. हा तोच ओझोनवाला गॅस, 1987 च्या माँट्रियल करारात ज्याच्यावर गदा आली, आणि आपल्यासारख्या देशांना 2010 पर्यंतची मुदत होती. म्हणजे नंतर नंतर गॅरेजवाले आत नक्की काय भरत होते देव जाणे. आता करायचं तर आर-134ए वर, म्हणजे त्याच्या जागी आलेल्या, ओझोनला न खाणाऱ्या गॅसवर न्यायचं, आणि इथेच लोक चुकतात, कारण नुसता गॅस बदलून चालत नाही. कंप्रेसरचं तेल गॅसबरोबरच सगळीकडे फिरत असतं, जुनं मिनरल तेल 134ए मध्ये विरघळत नाही, ते कूलिंग कॉइलमध्ये जाऊन बसतं आणि कंप्रेसर कोरडा चालून जाम होतो. म्हणून तेल पण बदलायचं. मी एस्टर ऑइल घेतलं, कारण कुठेतरी थोडं जुनं तेल राहिलंच तर ते चालवून घेतं, 134ए ला चालणारं दुसरं तेल म्हणजे पॅग, त्याचे नखरे जास्त, डबा उघडा राहिला की हवेतली ओल ओढतं.

गॅस भरण्याआधी सिस्टिममधली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लागतो, तो विकत घ्यायची माझी तयारी नव्हती. आमच्याच बिल्डिंगमधले काका, आयुष्यभर फ्रीज-एसीचं काम केलेले, आता रिटायर, त्यांच्याकडे गेलो. काका, दोन दिवस पंप द्याल का? तर म्हणाले, "देतो की, पण आधी लीक शोध, पंप लावून लीक बुजत नसतं." आणि पंपाच्या आधी नायट्रोजनचा सिलिंडर आणि रेग्युलेटर हातात दिला, वर दम, की नायट्रोजनच वापरायचा, ऑक्सिजन चुकूनसुद्धा लावायचा नाही, आत तेल आहे, स्फोट होईल.

आधी गेज लावून बघितलं (निळा काटा कमी दाबाच्या बाजूचा, लाल जास्त दाबाच्या), दोन्ही काटे शून्यावर, सिस्टिम ठार रिकामी. मग 150 पीएसआय नायट्रोजन भरला आणि भांड्यांचं लिक्विड पाण्यात घोटून ब्रशने जॉइंट जॉइंटला लावत बसलो. पुढच्या कंडेन्सरच्या (गरम गॅस थंड करणारा, रेडिएटरसारखा भाग) जॉइंटवर धूळ आणि तेलाचा काळा थर आधीपासूनच होता, तिथे फेस नुसता फुगत गेला, ते कळलंच. पण दुसरं लीक मजेशीर निघालं. गॅस भरायच्या तोंडाला आत टायरच्या व्हॉल्व्हसारखी पिन असते, तिच्यावर बराच वेळ काहीच दिसलं नाही, मी पुढे गेलो, परत आलो, तर मोहरीएवढे पाच-सहा बुडबुडे तिथे गुपचूप जमलेले. मुळात त्या तोंडाचं टोपणच गायब होतं, किती वर्षं कोणाला ठाऊक.

मग सगळं उघडायला घेतलं आणि पहिल्याच जॉइंटला माती खाल्ली. काकांनी सांगितलं होतं दोन पाने लावायचे, एकाने धरायचं, एकाने फिरवायचं. मी घाईत एकच लावला, नट फिरायच्या ऐवजी अल्युमिनियमचा पाईपच पिळला गेला. नाना पेठेत फिरून तो पाईप नवीन बनवून घेतला, त्यात एक रविवार गेला, आणि घरी बाबांचं "मी म्हटलं होतं" ते वेगळंच.

बाकीचं काम कंटाळवाणं आहे, थोडक्यात सांगतो. कंडेन्सर आणि कॉइल फ्लश केले, कंप्रेसर फ्लश करायचा नसतो, तो खोलून उलटा टांगला आणि रात्रभर निथळू दिला, खाली ताटलीत काळपट हिरवं तेल. जॉइंटमधल्या रबरी ओ-रिंग सगळ्या नवीन, 134ए ला चालणाऱ्या हिरव्या, बसवताना तेलाचं बोट लावून. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) नवीन, ड्रायर नवीन, आणि ड्रायरची टोपणं अगदी शेवटी काढायची कारण त्याचं कामच ओल शोषायचं, उघडा ठेवला तर आपल्या पार्किंगची ओल शोषून बसतो. भरायच्या तोंडांना 134ए चे अडॅप्टर लावले, पिना पण बदलल्या.

व्हॅक्यूमला मात्र माझी चांगलीच फाटली. व्हिडिओत सगळ्यांचा व्हॅक्यूमचा काटा तीस इंचाच्या (पाऱ्याच्या) जवळ जातो, साडेएकोणतीस वगैरे, माझा अठ्ठावीसच्या अलीकडेच अडला. अर्धा तास झाला, तासभर झाला, ढिम्म हलेना. परत लीक म्हणून मी सगळे जॉइंट चाचपून आलो. शेवटी काका गॅलरीतून ओरडले, "अरे, तू पुण्यात आहेस, मुंबईत नाही!" पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, इथे हवेचाच दाब अठ्ठावीस इंचाच्या आसपास, तर काटा त्याच्या पुढे जाणार कुठे? बघायचं ते हे, की व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवल्यावर काटा हलतो का. अर्धा तास चहा पीत त्याच्याकडे बघत बसलो, नाही हलला.

गॅस भरताना चष्मा आणि हातमोजे घालाच, लिक्विड डोळ्यात उडालं तर डोळा गोठतो. 134ए जुन्या आकड्याच्या 80 ते 85 टक्केच भरायचा, माझ्या 500 चे झाले 425. कॅन आईच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभा ठेवला (उलटा केला तर लिक्विड थेट कंप्रेसरमध्ये) आणि गाडी चालू ठेवून निळ्या बाजूने हळूहळू सोडला. लाल नॉब चालू गाडीत उघडायचाच नाही, तिकडचा दाब कॅनमध्ये घुसला तर कॅन फुटतो. ड्रायरच्या काचेत बुडबुडे दिसत होते आणि हात शिवशिवत होता अजून सोडायला, पण 134ए मध्ये ती काच स्वच्छ होईपर्यंत भरलं की जास्तच होतं. 425 ला थांबलो.

बाहेर 36 डिग्री, निळा काटा 35 पीएसआय, लाल 225. चालत्या गाडीत एसीच्या जाळीवर थर्मामीटर 9 डिग्री दाखवत होता, सिग्नलला उभं राहिलं की 14 वर चढतो, कारण 134ए ला दाब जास्त लागतो आणि कंडेन्सर जुन्या घडणीचा, जाड नळ्यांचा. पुढे एक जास्तीचा पंखा लावायचाय, ते पावसाळ्यानंतर.

सगळा खर्च, तो पिळलेला पाईप धरून, आठ हजारांच्या आत. जुन्या स्टिकरच्या शेजारी मार्करने लिहून ठेवलं, आर-134ए, एस्टर ऑइल, 425 ग्रॅम, म्हणजे पुढच्या गॅरेजवाल्याने परत भलतंच काही भरायला नको. परवा बाबा स्वतः साताऱ्याला घेऊन गेले, काचा वर. कात्रजच्या चढाला मात्र ते एसी बंद करतात, आणि 796 सीसीचं इंजिन बघता त्यात मी बोलत नाही.