टेकडीवरचे खेळ: पावसाळ्यानंतरचा अपडेट

मंडळी, ऑक्टोबर संपत आला, इथे पुण्यात टेकडीवरचं गवत पिवळं पडायला लागलंय, तर आमच्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या ग्रुपचा (वय ४ ते ७) ताजा रिपोर्ट. पाच पानं गोळा करा, तीन दगड शोधा असल्या याद्या आता बंद केल्यात. शेवटी आईबाबाच यादी पूर्ण करतात आणि पोरं खाऊचा डबा मागतात! या वयात झाडानेच काहीतरी करून दाखवायला हवं, मग पोरं जागची हलत नाहीत.

सध्या सुपरहिट आहेत कुसळं, म्हणजे गवताच्या टोकदार, शेपटीवाल्या बिया. सॉक्समध्ये घुसून वैताग देतात तीच. वाळलेलं एक कुसळ घ्यायचं, टोकदार बाजू क्लेच्या गोळ्यात रोवायची (हे मोठ्यांनीच करा, टोचतं) आणि पिळलेल्या शेपटीवर पाण्याचा थेंब सोडायचा. पीळ सुटायला लागतो आणि वरचा वाकडा भाग घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो! वाळलं की पुन्हा पीळ बसतो. बी मातीत घुसतं ते याच जोरावर, पण ते पोरांना नंतर सांगा, आधी कुणाचं कुसळ जास्त चकरा मारतं ते मोजू दे.

तेरड्याच्या शेंगा संपत आल्या. टम्म फुगलेल्या शेंगेला नुसतं बोट लावलं की फट्‌कन फुटून बिया उडतात, पण पोरं कच्च्या शेंगाही चिरडतात, म्हणून आधी पिकलेली ओळखायची आणि मगच हात लावायचा. लाजाळू मिटवायला सगळेच पुढे, आम्ही उलटं केलं, पानं परत उघडेपर्यंत हात मागे आणि तोंड बंद. आमच्या गँगला गप्प बसवणारा हा एकच खेळ सापडलाय.

गुंजा आणि बिट्ट्या (पिवळ्या कण्हेरीच्या बिया) मात्र खेळात नकोच, दोन्ही विषारी. आपण लहानपणी बिट्ट्यांनी खेळलो हे खरं, तरी पिवळ्या कण्हेरीचं सगळं झाड विषारी आहे आणि चार वर्षांचं पोर काहीही तोंडात घालतं. रुईच्या म्हाताऱ्या (कापसासारखे केस असलेल्या बिया) उडवायला मस्त, फक्त वाळून फुटलेल्या बोंडातल्याच घ्या, हिरवं तोडलं की चीक येतो आणि तो डोळ्यात जाता कामा नये.

कुसळं आत्ताच बरणीत भरून ठेवा, कोरडी राहिली तर उन्हाळ्यातही फिरतात. पुढे टेकड्यांवर वणवे लागायला लागले की गवतच उरत नाही.